मुक्ता, जूनमध्ये डुब्रोव्हनिक सोडू नकोस

वेंगुर्ले, मार्च

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

मेअखेर घर रिकामं करायचंय हे तू फोनवर सांगितलंस आणि त्याच दमात कोटोरची भाडी सांगायला लागलीस. जूनपासून माँटेनेग्रो, पुढे थंडी आली की आणखी कुठेतरी. आई बाजूला होती, तिला लगेच काळजी लागते, म्हणून मी तेव्हा काही बोललो नाही. आता लिहितो. माझं म्हणणं सरळ आहे: जाऊ नकोस. क्रोएशियात, डुब्रोव्हनिकमध्येच दुसरी जागा बघ आणि डिजिटल नोमॅड परवान्याचे, म्हणजे परदेशातली नोकरी तिथे राहून करायच्या परवान्याचे, १८ महिने तिथेच पुरे कर.

परत घरी ये, असा याचा अर्थ काढू नकोस. पुण्याच्या ऑफिसचं काम तू तिथून करतेस, नीट करतेस, आणि जग बघायचं तुझं वय आहे. मला काळजी आहे ती वेगळी. मागे जॉर्जियात, तिबिलिसीला, तू तापाने फणफणली होतीस आणि आपला फोन होईपर्यंत ते कोणालाच ठाऊक नव्हतं. शेजारी कोण राहतं ते तुला माहीत नव्हतं, त्यांनाही तुझं नाव माहीत नव्हतं. तेव्हापासून तू नवं शहर सांगितलंस की मी आधी हाच विचार करतो, की इथे हिचं दार कोण ठोठावेल. डुब्रोव्हनिकमध्ये पहिल्यांदाच तू खालच्या मजल्यावरच्या आजींबद्दल बोललीस. त्यांनी तुला अंजिरं दिली, कचरा कुठल्या वारी खाली ठेवायचा ते हाताच्या खुणांनी शिकवलं. हे सोडून जायला मन कसं होतं तुझं?

मी आयुष्यभर मुरगाव बंदरात जहाजांच्या एजंटाकडे नोकरी केली, हे तुला माहीत आहे. पण त्या नोकरीत रोज काय चालायचं ते तू कधी विचारलं नाहीस. जहाज बाहेरच्या देशातून आलं की आधी आरोग्याचा कागद. जहाजावर पिवळा बावटा, आणि बंदराच्या आरोग्य अधिकाऱ्याची परवानगी आल्याशिवाय शिडीवरून खाली पाय ठेवायचा नाही, कप्तान असो की खलाशी. या सगळ्या व्यवहाराचं मूळ जिथे सापडतं त्या शहरात आज माझी मुलगी राहते. तू तिथे गेल्यापासून मी त्याबद्दल मिळेल ते वाचतो आहे.

डुब्रोव्हनिकचं तेव्हाचं नाव रागुसा. प्लेगने युरोपात कहर केला होता. जुलै १३७७ मध्ये तिथल्या महापरिषदेने ठराव केला की रोगाच्या मुलखातून येणाऱ्याने शहरात किंवा शहराच्या हद्दीत शिरण्याआधी म्रकान बेटावर किंवा त्साव्तात गावात एक महिना काढावा. परवानगीशिवाय त्यांना अन्न नेऊन देणाऱ्यालाही तिथेच महिनाभर थांबावं लागे. पुढे महिन्याचे ४० दिवस झाले, आणि प्लोचे वेशीबाहेर लाझारेतीच्या, म्हणजे आलेल्यांना थांबवून ठेवायच्या, दगडी इमारती उभ्या राहिल्या, ज्यांचे फोटो तू मला पाठवलेस. मला यात मोठं वाटतं ते असं, की त्यांनी वेस सरसकट बंद केली नाही. बंद करून चाललंच नसतं. मागे उघडा खडक, पुढे समुद्र, शेतीला जमीन थोडी. शहर जगायचं ते परक्या जहाजांवर आणि परक्या मालावर. म्हणून त्यांनी परक्याकडे वेळ मागितला. महिनाभर थांब, मग आत ये, व्यापार कर, आमच्यात मिसळ.

आता तिथे येणाऱ्याकडे कोणी वेळ मागत नाही. क्रूझचं जहाज सकाळी लागतं, माणसं उतरतात, जुन्या शहराच्या तटबंदीवरून फिरतात, स्ट्राडुन या मुख्य रस्त्यावर आइस्क्रीम खातात आणि संध्याकाळी निघून जातात. गर्दी एवढी झाली की २०१९ पासून शहराने एका वेळी २ जहाजं आणि ४,००० प्रवासी अशी मर्यादा घातली. आणि तटाच्या आत राहणारी माणसं? १९९१ मध्ये सुमारे ५,००० होती, आता दीड हजाराच्या आसपास उरली आहेत. तटाच्या आत साधा बल्बही मिळाला नाही, तटाबाहेर ग्रुझपर्यंत जावं लागलं, असं तू म्हणालीस ना? ते ऐकून मी रात्री बराच वेळ जागा होतो.

कारण हे मी आपल्याकडे बघतो. आपल्या वाडीत निम्म्या घरांना कुलपं आहेत. चाकरमानी गणपतीत येतात, झाडलोट होते, आरत्या होतात, दहा दिवस रस्त्यात गाड्या मावत नाहीत. मग पुन्हा कुलपं. घरं पडलेली नाहीत, उलट कितीतरी घरं नव्याने रंगवलेली आहेत. पण पटसंख्या नाही म्हणून शाळेचं काय करायचं हा प्रश्न दरवर्षी येतो, वाण्याने दुकान आवरलं, आणि रात्री कोणाला छातीत दुखलं तर उचलून न्यायला चार तरणी माणसं जमवणं कठीण. घर उभं असून गाव कसं रिकामं होतं, हे समजावून सांगायला मला कोणा तज्ज्ञाची गरज नाही. डुब्रोव्हनिकमध्ये तेच उलट्या बाजूने झालंय: तिथे कुलपाच्या जागी पाहुणे आहेत.

तुझा त्यात वाटा किती, ते मी मोजून बघितलं. वाईट वाटून घेऊ नकोस, पण हे तुझ्याशी बोलायलाच हवं. तुझा घरमालक ऑक्टोबर ते मे घर तुला देतो आणि उन्हाळ्यात पर्यटकांना देतो. एकेकाळी थंडीत ती जागा मोकळी पडली असती, आणि कदाचित त्याने वर्षभरासाठी एखाद्या शिक्षिकेला, एखाद्या नर्सला दिली असती. तिला ती परवडलीही असती. पण थंडीतही चांगलं भाडं देणारी तुमच्यासारखी मुलं मिळायला लागली, तेव्हा आठ महिने तुम्ही आणि चार महिने पर्यटक असं त्याचं वर्ष भरलं. त्याचाही दोष नाही, तो आपलं घर चालवतो. शिवाय क्रोएशियाच्या कायद्याने तुझ्या पगारावर तिथे आयकर नाही. जानेवारी २०२१ पासून त्यांनी तुम्हाला ही वाट उघडून दिली, माझ्या मते मोठ्या मनाने. पाणी, दिवे, बस, रस्ते, पोलीस, सगळं तू वापरतेस. तेव्हा त्या शहराचं तू काही देणं लागतेस, असं मला मनापासून वाटतं.

मग करायचं काय? वर्षभराच्या करारावर अख्खं घर घेतलंस तर तेही कोणाच्या तरी तोंडचं काढून घेतल्यासारखं होईल. माझी सूचना अशी: रिकामा फ्लॅट शोधू नकोस, राहत्या घरातली खोली शोध. त्या आजींनाच आधी विचार. मुलगा आयर्लंडला गेला म्हणालीस, म्हणजे त्याची खोली मोकळी असणार. पाहुण्यांची ये-जा, चादरी धुणं, रात्री-बेरात्री किल्ल्या देणं त्यांना या वयात झेपत नसेल. दरमहा ठरलेलं भाडं देणारी एक मुलगी घरात असली तर त्यांना घर विकून शहराबाहेर जावं लागणार नाही. आपल्या माडीवर शाळेतल्या बाई राहायच्या आणि आजीचं दुखणं निघालं तेव्हा पहिल्यांदा त्याच धावून आल्या, ते तुला आठवत असेल. आजींकडे नाही जमलं तर ग्रुझ किंवा लापादला अशी एकटी राहणारी वयस्क माणसं शोध. बाजारातल्या भाजीवालीला विचारलंस तर संकेतस्थळांवर सापडणार नाहीत अशी घरं कळतील.

उन्हाळ्यात तिथे राहणं सोपं नाही, हे मला ठाऊक आहे. गर्दी असेल, महागाई असेल, उकाडा असेल. पण थंडीत बुरा वारा हाडात शिरला तो तू सोसलास, युगो हा दुसरा वारा वाहायला लागला की सगळ्यांची डोकी कशी जड होतात ते अनुभवलंस. जे लोक तो वारा खाऊन उन्हाळ्यात राबतात त्यांचा उन्हाळाही बघ.

मार्चअखेर तुमची घड्याळं एक तास पुढे जातील. आत्ता आपल्याकडचे सकाळचे साडेनऊ म्हणजे तुझे पहाटेचे पाच, पुढे सहा होतील. तरी दुपारी तीनच्या सुमारास तू मोकळी. त्या वेळात कॅफेत पुन्हा लॅपटॉप उघडून बसू नकोस. भाषेचा वर्ग लाव. तुमच्या नोमॅड मंडळींच्या भेटीगाठी असू देत, पण आठवड्यातली एक तरी संध्याकाळ त्या गावच्या माणसांची असावी.

आणि एकदा निवांतपणे स्पोंझा वाड्यात जाऊन ये. रागुसाचं जकातघर ते. १६६७ च्या भूकंपात जवळजवळ सगळं शहर कोसळलं, हा वाडा राहिला. त्याच्या कमानीवर लॅटिनमध्ये कोरलंय, त्याचा अर्थ असा: आमची वजनं फसवूही देत नाहीत आणि फसूही देत नाहीत, मी माल तोलतो तेव्हा देव मला तोलतो. बंदरावर आयुष्य गेलेल्या माणसाला हे वाचून काय वाटलं असेल ते तू समजू शकशील. त्याच वाड्यात रागुसाची जुनी दप्तरं आहेत, आणि एका दालनात १९९१-९२ च्या वेढ्यात शहर राखताना गेलेल्यांचे फोटो. त्यातले कितीतरी तुझ्याहून लहान होते. ६ डिसेंबर १९९१ ला जुन्या शहरावर तोफगोळे पडले, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या त्या आजी तरुण असतील. छपरांवरची भगवी कौलं कुठे फिकी आणि कुठे ताजी दिसतात, ती ताजी बहुतेक त्यानंतरची. भाषा थोडी आली की त्यांना विचार. घाई करू नकोस, त्या सांगतील तेवढंच ऐक.

यंदा ३ फेब्रुवारीला तू तिथे शहराचा राखणदार संत व्लाहो याची जत्रा पाहिलीस, झेंडे, मिरवणूक, गळ्याशी मेणबत्त्या धरून दिलेला आशीर्वाद. त्याच दिवशी मी एसटीने पणजीला आणि तिथून गवंडाळीला गेलो होतो. जुन्या गोव्याजवळ, कुंभारजुव्याच्या अलीकडे, तिथे त्याच संताचं चर्च आहे, सांव ब्राझ म्हणतात त्याला. सोळाव्या शतकात रागुसाचे व्यापारी गोव्यात येत, त्यांचा या चर्चशी संबंध होता असं मानलं जातं, आणि क्रोएशियाची मंडळी अलीकडे तिथे आवर्जून येतात. फेस्ताची गर्दी होती. मी मागच्या बाकावर बसलो आणि तुझ्यासाठी हात जोडले. ज्या गावचा राखणदार इथे आपल्या शेजारी येऊन बसलाय, त्या गावात तू परकी आहेस असं मला त्यानंतर वाटेनासं झालं.

आता कामाचं. खोली ठरली की भाडेकरार लेखी कर, नव्या पत्त्याची पोलिसांकडे लगेच नोंद कर, आणि आरोग्यविम्याची मुदत परवान्याच्या मुदतीइतकी आहे ना ते तपास. परवाना संपला की सहा महिने नव्याने अर्ज करता येत नाही, म्हणून पुढचा बेत आत्तापासून आखायला लाग. भारतातल्या कराचं सीएंना विचार. आर्थिक वर्षात इथे किती दिवस राहिलीस त्याचा हिशेब वहीत ठेव, १८२ दिवसांचा आकडा विसरू नकोस, तेवढे भरले की करासाठी इथली रहिवासी धरतात. आणि रविवारी बसने स्टोनला जाऊन ये. रागुसाची मिठागरं तिथे अजून आहेत, आणि माली स्टोनला कालवं मिळतात. आपल्याकडची तुला आवडायची.

आईने आमसुलं आणि कुळथाचं पीठ बांधून ठेवलंय. आजींशी बोलणं झालं की कळव, म्हणजे पार्सल कुठल्या पत्त्यावर धाडायचं ते ठरवतो. भाड्याबद्दल त्या संकोचल्या तर तूच आकडा सांग, आणि आत्ता देतेस त्याहून कमी सांगू नकोस. तुला महिन्याला जड जात असेल तर माझ्या पेन्शनमधून थोडं पाठवता येईल, तसं मोकळेपणी सांग. करारावर सही करण्याआधी त्याची प्रत मला पाठव.

तुझे,
बाबा