चर्नी रोडचा गुरुवार

बोरिवली (पूर्व),
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय वसुधा,

सप्रेम नमस्कार.

तुझे दिवाळीचे पत्र आणि तिकडचा ओलसर गुजराती लिलो चिवडा, दोन्ही पोचले. चिवडा दोन दिवसांत संपला आणि त्यातला अर्धा आईने एकटीने संपवला, हे तुला कळावे म्हणून मुद्दाम लिहिते. सर्वांच्या प्रकृती ठीक आहेत. माझी थायरॉइडची गोळी चालू आहे, आईचा रक्तदाब ताब्यात आहे. हे पत्र मात्र चर्नी रोड स्टेशनाविषयी आहे, आणि ते तुझ्याखेरीज कोणाला लिहावे हे मला सुचत नाही.

आईचा लोकलचा पास या महिनाअखेरीस संपतो. परवा रात्री जेवताना दादाने सांगून टाकले की यापुढे तो पास काढायचा नाही. आठवड्यातून एकदा जाण्यासाठी पास कशाला, हा त्याचा जुना मुद्दा होताच, आणि हिशेबाने तो खराही आहे. पण या वेळी कारण पैशाचे नव्हते. गेल्या महिन्यात शांतामावशी गाडी बदलताना गर्दीत पडल्या आणि त्यांचे मनगट मोडले, ते तुला कळले असेलच. त्यांची चप्पल दारातल्या कोणाच्या तरी पायाखाली सापडली आणि तोल गेला. प्लास्टर आणखी तीन आठवडे आहे. तेव्हापासून दादाला रात्री झोप लागत नाही, असे वहिनी सांगते, आणि मला ते पटते. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. गुडघ्यांचे तुला माहीतच आहे.

गिरगावातली वाडी सुटल्यानंतर चर्नी रोडचा हा गुरुवार कसा सुरू झाला, ते तुला मी तुकड्यातुकड्यांनी कळवले आहे, पण सलग कधीच लिहिले नाही. पुनर्विकासासाठी घरे रिकामी करून दिली तेव्हा भजनी मंडळातल्या प्रत्येकीला भाडे परवडेल तिथे जावे लागले. आम्ही बोरिवलीला आलो, शांतामावशी डोंबिवलीला, कर्णिक वहिनी विरारला, लेलेकाकू मुलाकडे मुलुंडला. भजनी मंडळाच्या पेट्या, टाळ आणि सतरंज्या कोणाच्या तरी माळ्यावर गेल्या. पहिल्या वर्षी या बायका एकमेकींना नुसते फोन करत होत्या. मग लेलेकाकूंनीच सुचवले की कोणाच्या घरी जमायचे म्हटले तर एकीला जवळ आणि दुसरीला दोन तास, त्यापेक्षा चर्नी रोडला जमू. पश्चिम रेल्वेवरच्या बायका सरळ येतील, मध्य रेल्वेवरच्या दादरला गाडी बदलतील. कोणाच्या सुनेला चहा करावा लागणार नाही, कोणाला आभार मानावे लागणार नाहीत.

तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी आई बोरिवलीहूनच सुटणारी धीमी गाडी धरते, कारण तिच्यात बसायला जागा मिळते. बायकांच्या डब्यात ती कधी खिडकी मागत नाही, कारण ग्रँट रोड सोडेपर्यंत बघण्यासारखे काही नसते, असे तिचे म्हणणे आहे. चर्नी रोडला उतरले की दोन नंबरच्या फलाटावरच्या बाकावर सर्वजणी जमेपर्यंत थांबायचे, हा नियम आहे. उशीर करणारीला सोडून पुढे जायचे नाही. मग पुलाचा जिना सावकाश चढायचा, पश्चिमेला उतरायचे, मरीन ड्राइव्ह ओलांडायचा आणि टिळकांच्या पुतळ्यापासून थोडे पुढे, वाळू कोरडी असेल तिथे बसायचे. भजने तिथे म्हणत नाहीत. बोलतात. कोणाच्या घरात काय झाले, कोणाचे भाडे वेळेवर आले नाही, इमारत कितव्या मजल्यापर्यंत आली, सगळे तिथे कळते. वाडीचा चौक आता चौपाटीवर भरतो, आणि त्याचा दरवाजा चर्नी रोड स्टेशन आहे.

परतीची व्यवस्था तर तुला हसवेल. संध्याकाळी बोरिवलीकडे जाणारी गाडी चर्नी रोडला येते ती चर्चगेट आणि मरीन लाइन्सलाच भरून येते, आणि थांबते अर्धा मिनिट. या वयाच्या बायकांनी तिच्यात शिरणे अशक्य आहे. म्हणून पश्चिम रेल्वेवर राहणाऱ्या सगळ्या उलट दिशेची गाडी धरून चर्चगेटला जातात आणि त्याच गाडीत बसून परत येतात. आईचा पास चर्चगेटपर्यंतचा आहे तो यासाठीच. आठवते ना, आपण नोकरीला लागलो तेव्हा ऑफिसातल्या विरारच्या बायका अशा उलट बसून येत आणि तू त्यांना नावे ठेवायचीस? आणि कोणत्या डब्यात चढायचे यावरून आपले सहा महिने भांडण चालले होते. तुला ठाकूरद्वाराच्या बाजूचा जिना जवळ पडायचा, मला ऑपेरा हाउसच्या बाजूचा, आणि एका वाडीतल्या दोघी गाडीच्या दोन टोकांना बसून यायच्या. विनय हॉटेलात एका मिसळीवर ते भांडण मिटले, पण पैसे मी दिले होते, हे अजून माझ्या लक्षात आहे.

दादा चुकीचे बोलत नाही, हेच मला जड जाते. त्याने पर्यायही आधीच सुचवला होता. तीन नंबरची मेट्रो गेल्या महिन्यापासून थेट कफ परेडपर्यंत धावू लागली आहे आणि तिचे गिरगाव स्टेशन आपल्या जुन्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. थंडगार गाडी आहे, सरकते जिने आहेत, उद्वाहक आहेत, गर्दीत कोणी लोटत नाही. बोरिवलीहून सात नंबरच्या मेट्रोने गुंदवली, तिथून घाटकोपरच्या मेट्रोने मरोळ नाका, तिथून तीन नंबरने गिरगाव, असे त्याने कागदावर काढून दाखवले. मी एका रविवारी आईला त्या वाटेने नेऊन आणले. प्रवास खरोखर चांगला झाला. गिरगावात वर आल्यावर ती पाच मिनिटे नुसती उभी राहिली आणि शेजारच्या ज्या चाळी या मेट्रोसाठी पाडल्या त्यांची नावे एकेक करून सांगत गेली. पण तिथून चौपाटीपर्यंतची चाल तिला झेपली नाही. आणि विरारच्या कर्णिक वहिनींनी या वाटेने कसे यायचे? शांतामावशींनी कुठून यायचे? दादा एका आईचा विचार करतो, त्याच्या जागी मीही कदाचित तोच केला असता. पण आई एकटी समुद्र बघायला जात नाही.

चर्नी रोडला ती रुळलेली आहे, ही गोष्ट मी दादाला पटवून देऊ शकत नाही. कोणत्या पायरीवर थांबून दम घ्यायचा, पावसाळ्यात पुलावर कुठे पाणी साचते, कोणत्या वेळी कॉलेजची मुले एकदम उतरतात, हे तिला ठाऊक आहे. ती संध्याकाळी सहानंतर तिथे थांबत नाही. अनंत चतुर्दशीच्या आठवड्यात तर गुरुवार सरळ रद्द असतो, कारण त्या संध्याकाळी रेल्वेच दोन नंबरवर गाड्या थांबवत नाही, इतकी माणसे विसर्जनाला उतरतात. आजोबा सांगत की भराव घालून मरीन ड्राइव्ह होण्याआधी भरतीचे पाणी रुळांच्या जवळपर्यंत येत असे आणि गाडीत बसलेल्यांच्या अंगावर वारा खारट लागायचा. १९२८ साली कुलाब्याहून बोरिवलीपर्यंत विजेची गाडी सुरू झाली तेव्हा ते चर्नी रोडहून खास बोरिवली बघायला आले होते. आई ही गोष्ट इथे आल्यापासून कितीदा सांगते, आणि दर वेळी पुढे म्हणते, "ते बघून परत गेले, मी राहिले."

आणि २००५ च्या पुराची ती २६ जुलै. ती रात्र तुझ्याशिवाय मी कोणाशी बोलत नाही. गाड्या बंद, तू अंधेरीला अडकलेली, फोन लागेना, आणि तुझ्या आईला ताप. दर तासाने छत्री घेऊन चर्नी रोडला जाऊन आली ती माझी आई. गाडी येणार नाही हे स्टेशनमास्तरांनी सांगितल्यावरही ती जात राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी तू चालत वाडीत आलीस तेव्हा ती स्टेशनाच्या जिन्यावर बसली होती आणि तू तिच्या पाठीमागून निघून गेलीस. तिला शोधून आणायला मग आपण दोघी पुन्हा गेलो. तू तिला "काकू, मी आले" म्हणालीस आणि ती तुला रागावली की इतका वेळ कुठे होतीस. म्हणून लिहिते की हे तुलाच कळेल. त्या स्टेशनावर ती माणसांची वाट बघते. आयुष्यभर बघत आली आहे.

आता खरी काळजी सांगते, वसू. दादा बोलला तेव्हा मला वाटले, आई भांडेल. तुला तिचा स्वभाव माहीत आहे. नळाच्या वेळेवरून तिने अख्ख्या मजल्याशी वैर घेतले होते. पण ती म्हणाली, "नको तर नको," आणि ताट उचलून आत गेली. त्यानंतर तिने तो विषय काढलेला नाही. काल लेलेकाकूंचा फोन आला तो तिने घेतला नाही, पाठ दुखते म्हणून सांगायला लावले. पाठ दुखत नव्हती. पडण्याची भीती मलाही वाटते, फार वाटते. दर गुरुवारी ती "पोचले" म्हणून फोन करेपर्यंत माझे कामात लक्ष नसते. पण ती इतक्या सहज मान्य होते याची मला त्याहून अधिक भीती वाटते. लेलेकाकूंच्या यजमानांचे असेच झाले. आधी स्टेशन सुटले, मग खालचे दुकान, मग गॅलरी. घरच्यांनी प्रत्येक वेळी काळजीपोटीच सांगितले होते.

मी स्वतःशी एक उपाय ठरवला आहे. गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा दर आठवड्याला मिळणार नाही, पण एक आड एक गुरुवारी मी चर्चगेटला ऑफिस सुटल्यावर परतीच्या गाडीत त्यांच्याबरोबर बसू शकते. जाताना दुपारी गर्दी नसते, त्याची मला फारशी चिंता नाही. उरलेल्या गुरुवारी कर्णिक वहिनींची नात येते म्हणते. तिचे कॉलेज तिथेच चौपाटीवर आहे. जिना चढताना दोन बायकांमागे एक तरुण माणूस एवढे झाले तरी पुरे. पास मी माझ्या पैशाने काढीन. पण दादाच्या मनाविरुद्ध काढला तर आई तो वापरणार नाही, हेही मला माहीत आहे. त्याचे मन वळायला हवे, आणि ते माझ्याने होत नाही, कारण मी बोलायला लागले की तो माझ्याशी लहानपणीच्या आवाजात बोलतो.

तुझ्याकडचे काही विचारलेच नाही. चिरंजीवांच्या बारावीच्या अभ्यासाचे काय? नव्या घराचे रंगकाम झाले का? विनायकरावांची बदली रद्द झाली हे वाचून बरे वाटले. सुरतेला जाऊन तुम्ही काय केले असते? सासूबाईंना माझा नमस्कार सांग. डिसेंबरमध्ये लग्नासाठी येणार आहेस तर चार दिवस काढूनच ये आणि त्यातला एक गुरुवार असू दे. बोरिवलीलाच उतर, पुढे आईबरोबर जा. सगळ्याजणी तुझी विचारपूस करतात, आणि तू लठ्ठ झालीस की नाही यावर त्यांच्यात दोन तट पडले आहेत.

त्याआधी मात्र दादाला फोन कर. तुझे तो ऐकतो. लहानपणी तू त्याची सायकल दुरुस्त करून दिली होतीस तेव्हापासून ऐकतो. शांतामावशींच्या मनगटाविषयी त्याला आधी बोलू दे, मध्ये तोडू नकोस. मग त्याला २६ जुलैचे सांग, कारण तो तेव्हा नागपूरला होता आणि त्या रात्रीची पूर्ण हकीकत त्याने कोणाकडून ऐकलेली नाही. पुढचा रविवार चालेल. नऊच्या सुमारास पूजा आटोपून तो चहा घेत असतो. तिमाही पास काढायला मला त्या आठवड्याचे शेवटचे दिवस मिळतील.

तुझी,
नीला