आरोग्यमंत्री महोदय, नवऱ्याची तपासणी कोण सांगणार?

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सविनय नमस्कार.

परवा माझी पुतणी दवाखान्यातून आली. लग्नाला ३ वर्षं झाली, पाळी नियमित, मूल नाही. चिठ्ठीवर लोहाच्या गोळ्या, फोलिक ॲसिड आणि वर तोंडी सल्ला, 'टेन्शन घेऊ नका, होईल.' १२ वर्षांपूर्वी त्याच खुर्चीवरून मलाही हेच सांगितलं होतं. म्हणून लिहायला बसले.

त्या गोळ्या मी ४ वर्षं खाल्ल्या. नळ्यांचा एक्स-रे झाला, दुर्बीण झाली, पोटावर टाक्यांच्या खुणा अजून आहेत. मग पुण्यातल्या एका डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, 'मिस्टरांचा रिपोर्ट कुठाय?' वीर्यतपासणी. ५०० रुपयांची. आधी २ ते ७ दिवस संबंध टाळायचे असतात, हेसुद्धा लॅबमधल्या पोराने सांगितलं. शुक्राणू फारच कमी निघाले. ह्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली आणि एसटीत घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. मी पस्तिशी ओलांडली होती. पुढे सहा-साडेसहा लाख गेले असतील, सगळ्या पावत्या सापडत नाहीत.

आमचे डॉक्टर वाईट नाहीत हो, मध्यरात्रीही दार उघडतात. त्यांना हे कुणी शिकवलंच नाही. वर्षभरात दिवस गेले नाहीत, बाई पस्तिशीपुढची असेल तर सहा महिन्यांत, तर दोघांचीही तपासणी सुरू करायची. अशा जवळपास निम्म्या जोडप्यांत कारण पुरुषाकडेही असतं. आणि दहा पेशंटांसमोर 'अजून काही नाही का?' असं विचारायचं नाही.

१९५२ पासून सरकार कुटुंब नियोजन करतंय. शिबिरं भरली, टार्गेटं झाली. आशाताई मुलं किती विचारते, मी 'नाही' म्हटलं की वही मिटते. १९८६ ला मुंबईच्या केईएम रुग्णालयात टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, २०२१ ला टेस्ट ट्यूबसारख्या उपचारांसाठी एआरटी कायदा आला. आमच्या गल्लीतल्या दवाखान्यापर्यंत काय आलं? मूल नसलेली बाई तुमच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही, म्हणून ती लुटली जाते.

डॉक्टरांना नोंदणी टिकवायला प्रशिक्षणांना हजेरी लावून क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात ना? त्यात वंध्यत्वाचा एक दिवस सक्तीचा करा. बीएएमएस, बीएचएमएस डॉक्टरांनाही बोलवा, गावात तेच भेटतात. डॉक्टरांच्या शिक्षणाचं खातं माझं नाही, असं कळवू नका. खाती तुम्ही वाटून घेतलीत, आम्ही नाही.

शनिवारी पुतणीच्या नवऱ्याला मी लॅबमध्ये चला म्हणाले. त्याने मान खाली घातली. 'काकू, डॉक्टरांनी सांगितलं असतं तर आलो असतो.'

आपली,
सोलापूर जिल्ह्यातील एक नागरिक