बारानंतर पाणीही बंद, ते कशासाठी?

महोदय,

गेल्या महिन्यात मुंबईतल्या एका रुग्णालयात माझ्या ७२ वर्षांच्या वडिलांचे हर्नियाचे ऑपरेशन झाले. ऑपरेशन चांगले झाले, तक्रार त्याबद्दल नाही. आदल्या रात्री आठला दोन पोळ्या आणि दुधीची भाजी दिली आणि खाटेला 'एनबीएम'ची ('निल बाय माउथ', म्हणजे तोंडाने काही द्यायचे नाही) पाटी लागली. बारानंतर पाण्याचा थेंबही नाही. वेळ सकाळी नऊची होती. 'लिस्ट लांबलीय काका, थोडं थांबा,' असे सिस्टर तीनदा सांगून गेल्या आणि आत नेले दुपारी साडेतीनला. साडेपंधरा तास! मी ओल्या कापसाने त्यांचे ओठ टिपत बसलो होतो. तो कापूसही ते चोखायला बघत होते.

अकराला सलाईन लावले तेव्हा आत्या खूश. 'आता ताकद येईल.' बाटलीवर पाच टक्के डेक्स्ट्रोज लिहिले होते. म्हणजे अर्ध्या लिटरमध्ये साखर २५ ग्रॅम, पाच-सहा चमचे. ताकदीचे राहू द्या. तोंडाने घोटभर पाणी बंद आणि शिरेतून अर्धा लिटर चालू, याची गंमत वाटली.

उपाशी ठेवण्यामागे कारण आहे, हे मान्य. भुलेत पोटातले वर येऊन फुप्फुसात उतरू शकते. अमेरिकेतले प्रसूतितज्ज्ञ मेंडेल्सन यांनी १९४६ साली बाळंतिणींमधले असे प्रसंग नोंदवले, तेव्हापासून ही धास्ती आहे. पण साधे पाणी पोटात फार वेळ राहत नाही. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ सालीच सांगितले आहे की हलके खाणे भुलेच्या सहा तास आधीपर्यंत आणि पाणी दोन तास आधीपर्यंत चालते. कोरा चहाही चालतो. (आपला 'नुसता चहा' दुधाचा असतो, तो मात्र खाण्यात मोजायचा.) तातडीचे ऑपरेशन असेल किंवा पोट सावकाश रिकामे होण्याचा त्रास असेल तर गोष्ट वेगळी, तिथे भूलतज्ज्ञ सांगतील तेच खरे.

मग बारा का? सगळ्या वॉर्डला एकच हुकूम सोपा पडतो, आणि एखादी केस रद्द झाली तर पुढचा रुग्ण तयार असतो. अडचण समजते, पण तिची किंमत त्या खाटेवरचा माणूस मोजतो.

पाटीवर दोन वेळा लिहाव्यात, खाणे कधीपर्यंत आणि पाणी कधीपर्यंत. लिस्ट लांबली की भूलतज्ज्ञांना विचारून पाण्याची वेळ खोडून नवी घालावी. वडिलांच्या पाटीवर त्या तीन अक्षरांखाली जागा भरपूर होती.

– एक वाचक, मुलुंड (पूर्व)