रात्रीच्या फुटेजमधल्या कपड्यांच्या रंगावर विसंबू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बाईक चोरीला गेली की रात्रीचं सीसीटीव्ही फुटेज लगेच व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरायला लागतं, खाली "पांढरा शर्टवाला, कुणी ओळखतं का" वगैरे. आमच्या भागात असंच झालं आणि पांढऱ्या शर्टातल्या एका डिलिव्हरीवाल्या पोराला लोकांनी गेटवर अडवून नको नको ते बोललं, त्या बिचाऱ्याचा काडीचाही संबंध नव्हता. राहवलं नाही म्हणून लिहितोय.

ते काळं-पांढरं चित्र मुळात आपल्याला दिसणाऱ्या उजेडातलं नसतंच. आपला डोळा 700 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास थांबतो, कॅमेऱ्यातला चित्र टिपणारा सिलिकॉनचा सेन्सर त्यापुढचं, डोळ्याला न दिसणारं, पार 1100 पर्यंतचं इन्फ्रारेड पकडतो. दिवसा रंग बिघडू नयेत म्हणून सेन्सरपुढे इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर असतो, अंधार पडला की तो टक्कन बाजूला होतो आणि कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड एलईडी लागतात, बऱ्याच कॅमेऱ्यांवर मंद लाल ठिपके दिसतात ना, तेच. या प्रकाशात काळे कपडे, खासकरून सिंथेटिक, कितीतरी वेळा चक्क पांढरट दिसतात कारण त्यांचा डाय इन्फ्रारेड शोषतच नाही. झाडांची हिरवीगार पानंसुद्धा पांढरी दिसतात, आपल्या गेटचं फुटेज काढून बघा.

आता रंग आणि इन्फ्रारेड दोन्ही वेगवेगळं टिपणारे आरजीबी-आयआर सेन्सर आलेत. नेहमीच्या सेन्सरवर चार पिक्सेलमागे दोन हिरवे, एक लाल, एक निळा असतो, यात साध्या रचनेत एका हिरव्याच्या जागी इन्फ्रारेडचा पिक्सेल बसवतात, मग सरकणारा फिल्टर लागत नाही आणि रंगात मिसळलेलं इन्फ्रारेड हिशोबाने वजा करता येतं. गाडीत ड्रायव्हरला डुलकी लागतेय का यावर लक्ष ठेवायला हे वापरतात, चांगलंच आहे. पण "मिट्ट अंधारात फुल कलर" म्हणून कुणी काही विकत असेल तर अजिबात विश्वास ठेवू नका, शर्टाचा रंग कळायला थोडा तरी साधा उजेड लागतोच.

म्हणून सोसायटीच्या कमिट्यांनी कोटेशन घेताना नुसते मेगापिक्सेल बघू नयेत, रात्री आपल्याच गेटवर डेमो मागावा, काळं जॅकेट घातलेल्या माणसाला समोर उभं करून बघावं. गेटवर आणि पार्किंगमध्ये एकेक एलईडी दिवा रात्रभर चालू ठेवा, त्याने बिल काही फार वाढत नाही. आणि पोलिसांना फुटेज देताना ते इन्फ्रारेडमधलं आहे हे आवर्जून सांगा, चण, चाल, वेळ, गाडी कुठल्या दिशेने गेली यावरून शोध घेऊ दे, शर्टाच्या रंगावरून कुणाला धरू नका.

– एक वाचक, ठाणे