बॅटरी विकायच्या आधी मीटर लावा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की पेपरात टायर कसे फुटतात, गाडी सावलीत कशी लावावी असलं सगळं येते, पण सकाळी चावी फिरवली अन् नुसतं कट्ट वाजून गाडी गप्प बसली तर काय करावं हे काही येत नाही. आमच्या दर्यापूर तालुक्यात आता गावोगावी कार आल्या, बऱ्याचशा सेकंडहँड, आणि सेल्फ नाही उचलला की उत्तर ठरलेलंच, "बॅटरी मेली भाऊ, नवी टाकून घ्या." लहान कारची म्हटली तरी चार-पाच हजाराच्या घरात जाते. व्होल्टेज मोजायचा मीटर लावून पाहिला का म्हटलं तर नाही, दोन टोकांवर पाना टेकवून ठिणगी पाडली अन् निकाल देऊन मोकळे. माझं म्हणणं एवढंच आहे का विकणाऱ्यानं आधी मीटर लावावा, किती व्होल्टेज आला तो बिलावर लिहावा, मग खुशाल नवी बॅटरी विकावी.

दोन-तीनशे रुपयाचा मीटर येते हो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवत असली तर भरलेली आहे, 12.2 म्हणजे अर्धी, 12 च्या खाली गेली तर उतरलेली, पण उतरलेली बॅटरी चार्जिंगला लावून पाहता येते, लगेच भंगारात कायले टाकता? मग गाडी सुरू करून पुन्हा लावा, साधारण 13.8 ते 14.4 यायला पाहिजे. तेव्हाही बारावरच अडकला तर डायनामो चार्ज करत नाही नाहीतर बेल्ट ढिला आहे, अशा गाडीत नवी बॅटरी टाकली तर तीही थोड्याच दिवसात बसणार अन् गिऱ्हाईक पुन्हा त्याच दुकानात. आणि कितीतरी वेळा तर नुसत्या टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर चढलेला असते. गरम पाण्यात खायचा सोडा टाकून जुन्या ब्रशनं घासलं, पॉलिश पेपर मारला, दहाच्या पान्यानं आवळलं का गाडी उचलते. फक्त काढताना मायनस आधी अन् लावताना मायनस शेवटी, नाहीतर पाना बॉडीला टेकला का भडका.

अजून एक खोड म्हणजे चालू गाडीत टर्मिनल उपसून डायनामो तपासायचा. जुन्या जीपला ते चालून गेलं असंल, पण आताच्या गाडीत कॉम्प्युटर असते, बॅटरी सुटली का व्होल्टेज एकदम उसळते अन् तो कॉम्प्युटरच जळू शकते, मग बॅटरीचे पैसे बरे म्हणायची पाळी.

आपल्याकडं अकोला-चंद्रपूरला पारा 45 च्या वर जाते, बोनेटच्या आत तर त्याहून जास्त. लोकांना वाटते बॅटरीला थंडी वाईट, पण तिचं आयुष्य खाते ती गर्मीच, आतलं पाणी उडते, प्लेटा सडतात. मे महिन्यात लागलेला हा मार तेव्हा दिसत नाही, गाडी तशीच चालत राहते अन् मग डिसेंबरच्या पहाटे एकदम राम म्हणते. त्यात झाकणवाली बॅटरी असली तर लोक बोअरचं पाणी ओततात. आमचा हा पूर्णाकाठचा खारपाणपट्टा, जे पाणी पिकालाही चालत नाही ते बॅटरीला काय चालणार बाप्पा? डिस्टिल वॉटरच टाका, अन् अॅसिड वरून टाकू नका.

शेतीच्या हंगामात कार महिना-महिना अंगणात उभी राहते. बंद गाडीतही लॉक, घड्याळ, कॉम्प्युटर थोडा करंट ओढत असतात, 50 मिलिअँपिअर धरले तरी दिवसाला 1.2 अँपिअर-तास गेले, म्हणजे 35 अँपिअर-तासाची बॅटरी पंधरा दिवसात अर्धी. वरून बाहेरून बसवलेला ट्रॅकर असला तर पाहायलाच नको. अन् वावरापर्यंत दोन किलोमीटर नेऊन आणल्यानं ती भरत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मागं एका गावात रात्री पेशंटला अमरावतीला न्यायचं होतं, कार सुरू होईना, तर पोरं बाजूच्या टिप्परच्या बॅटरीवरून वायर ओढून कार सुरू करायला निघाली होती. टिप्पर, एसटी, मोठे ट्रक यांची लाईन 24 व्होल्टची असते, दोन बॅटऱ्या जोडलेल्या, अन् कारची 12. तो करंट दिला तर गाडीचं सगळं इलेक्ट्रिक जाते अन् बॅटरी फुटून डोळ्यात अॅसिड उडू शकते. एका म्हाताऱ्या ड्रायव्हरनं अडवलं म्हणून बरं. ट्रॅक्टर सहसा 12 चाच असते, तो चालते. लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला अन् तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर, कारण बॅटरीतून हायड्रोजन हा पेट घेणारा वायू निघते अन् शेवटच्या जोडाला ठिणगी पडतेच. बिडी-सिगारेटवाल्यालाही लांब उभं करा. धक्का मारून गियरवाली गाडी सुरू होऊ शकते, पण बॅटरी पार शून्यावर गेली असंल तर इंजेक्शनवाली (कॉम्प्युटरवर चालणारी) गाडी धक्क्यालाही दाद देत नाही, अन् ऑटोमॅटिकच्या मागं तर घाम गाळूच नका.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका, तो अॅसिड नालीत ओतते अन् शिसं काढते. 2022 च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमानं ती परत घेऊन रिसायकल करायची जबाबदारी कंपनीवर आहे, तेव्हा नवी घेताना दुकानातच जमा करा अन् तिचे किती कापले ते बिलावर लिहून मागा.

तालुक्याच्या आयटीआयत जिथं मोटर मेकॅनिकचा ट्रेड आहे, तिथल्या पोरांनी मार्च-एप्रिलमध्ये आठवडी बाजारात एक टेबल टाकून फुकट मीटर लावून दिला तर त्यांचीही प्रॅक्टिस होईल. प्राचार्य साहेबांनी मनावर घ्यावं, आणि तुम्ही हे पत्र छापलं तर पेट्रोलपंपवाल्यांनाही सांगा का हवेच्या मशीनजवळ एक चांगली जाड जंपर केबल, म्हणजे दोन गाड्यांच्या बॅटऱ्या जोडायची वायर, टांगून ठेवा.

आपला,
एक वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती