तुझ्या डाव्या गालाबद्दल

प्रिय सोनू,

परवा बोलता बोलता म्हणालीस, "आई, तासभर फोन झाला की डावा गाल तापतो. त्याने लाळेच्या ग्रंथीत गाठ होते म्हणे." मी घाईत होते, हसण्यावारी नेलं. पण उभा जन्म लोकांच्या तोंडात टॉर्च मारण्यात गेलेल्या बाईला असलं वाक्य झोपू देत नाही.

दुसरीत तुला गालगुंड झालं होतं, आठवतं? कानाची पाळी वर उचलली गेली होती, आंबट म्हटलं तरी कळवळायचीस. तेव्हा सुजली ती हीच, पॅरोटिड. लाळग्रंथींच्या तीन मोठ्या जोड्यांतली सर्वांत मोठी, आणि फोन टेकतो बरोबर तिच्यावर. आरशासमोर गाल बोटाने बाजूला ओढ आणि वरच्या दुसऱ्या दाढेसमोर उजेड पाड. बारीकसा उंचवटा दिसेल. तो पुसून कोरडा कर आणि कानापासून पुढे गालावर हलकेच दाबत ये. पाण्यासारखा एक थेंब वर येतो. इतक्या वर्षांनीही मला ते बघायला गंमत वाटते.

गाल तापतो तो मुख्यतः बॅटरीच्या उष्णतेने, शिवाय फोनखाली झाकलेल्या कातडीला वारा लागत नाही म्हणून. फोनच्या रेडिओलहरींत डीएनए तोडण्याइतकी ताकद नसते.

२००८ साली इस्राएलमधला एक अभ्यास आला, ४६० रुग्णांचा. एकूण धोका वाढलेला दिसला नाही; फक्त खूप बोलणाऱ्यांत, फोन लावायच्याच बाजूला, गाठी जास्त आढळल्या. तुझ्यापर्यंत पोचलं ते एवढंच. त्याआधी २००६ मध्ये स्वीडन-डेन्मार्कच्या अभ्यासात असं काही सापडलं नव्हतं. आणि गाठ झालेल्या माणसाला 'फोन कुठल्या कानाला लावायचास?' असं विचारलं, तर तो नकळत गाठीच्या बाजूचाच कान सांगतो. मी स्वतः पेशंटना असं उत्तर देताना ऐकलंय.

म्हणजे मी घाबरलेले नाही. तरी लांबलचक बोलायचं असलं की इअरफोन लावते. फोन डोक्यापासून वीतभर जरी लांब गेला तरी लहरी खूपच कमी पोचतात. आणि लिफ्टमध्ये, तळघरात, जिथे रेंज नसते तिथे गप्पा नकोत. फोन तिथेच सगळा जोर लावतो.

बाकी कानापुढे किंवा जबड्याच्या कोपऱ्यात गाठ लागली, दुखत नसली तरी दोन-तीन आठवड्यांत गेली नाही, तर फोनचा विचार न करता सरळ दाखवायला जायचं. बहुतेक गाठी साध्याच निघतात. पण त्या बाजूचा चेहरा ओढला गेला किंवा डोळा नीट मिटेना, तर एक दिवसही थांबू नकोस. चेहऱ्याची नस त्या ग्रंथीतूनच जाते.

रविवारी फोन करशील तो स्पीकरवर टाक. बाबाही शेजारीच बसलेले असतात, नुसते माझ्या तोंडाकडे बघत.

तुझी,
आई