शंका असेल तर अंडं परत ठेव

प्रिय चिऊ,

तुझा मेसेज आणि फोटो मिळाले. रात्री वीज गेली, कोंबडीची अंडी उबवायचं यंत्र तीन-चार तास बंद होतं, आज उबवणीचा दहावा दिवस, आणि निम्मी अंडी तुला 'गेल्यासारखी' वाटतायत. काढून टाकू का, असं विचारलंयस. नको. एक सोडून बाकी सगळी जिथल्या तिथे ठेव. ते एक कोणतं, ते पुढे सांगतो.

गारवा गर्भ बऱ्यापैकी सोसतो. अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडीसुद्धा रोज दाणापाण्याला उठते, वीस-पंचवीस मिनिटं अंडी उघडी पडतात, त्याने काही बिघडत नाही. वीज नसताना तू झाकण उघडलं नाहीस हे फार चांगलं केलंस, आतली ऊब टिकली असणार. अंड्याला गारव्यापेक्षा उष्णता लवकर मारते. ३७.५ अंशांवर चालणारं यंत्र काही तास ४० च्या वर गेलं असतं, तर मी खरंच काळजीत पडलो असतो. गारठलेल्या अंड्यांतूनही पिल्लं निघतात, फक्त थोडी उशिरा.

पण आज बॅटरीचा उजेड अंड्यातून पाडून आत बघितलंस, तरी काही ठरणार नाही. रात्री एखादा गर्भ गेला असेल, तरी आज तो जवळपास जिवंतासारखाच दिसेल. शिरा विरायला वेळ लागतो. म्हणून चार-पाच दिवस थांब आणि चौदाव्या दिवशी बघ. सातव्या दिवशी तू अंड्यांवर पेन्सिलीने खुणा केल्या होत्यास ना, त्या आता कामी येतील. अंडं जिवंत आहे का, हे एका नजरेत कळत नाही. मागच्या वेळेपेक्षा वाढ पुढे सरकलीय का, एवढंच बघायचं.

फोटोत तू बॅटरी निमुळत्या टोकाला लावलेली दिसतेय. उलट कर. हवेची पोकळी रुंद टोकाला असते, उजेड तिथून आत सोडला की सगळं अंडं उजळतं. खोलीत पूर्ण अंधार कर, अंगठा आणि तर्जनीचं कडं करून त्यात अंडं बसव, म्हणजे बाजूने उजेड सांडणार नाही. मग हळूच थोडं फिरव. झटके देऊ नकोस, हलवून 'आवाज येतो का' बघणं तर मुळीच नको. एलईडी बॅटरी फारशी तापत नाही, तरी एका अंड्यावर अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ घालवू नकोस.

सातव्या दिवसाचं जिवंत अंडं कोळ्यासारखं दिसतं: मधे गडद ठिपका आणि चहूकडे पसरलेल्या बारीक लाल शिरा. नजर स्थिर ठेवलीस तर तो ठिपका मधेच उसळतो. ज्यात काहीच नाही ते अंडं एकसारखं पिवळसर उजळतं, आत फक्त बलकाची सावली सरकते. ते मुळात फळलेलंच नव्हतं, त्यात यंत्राचा दोष नाही.

आता ते एक. तिसऱ्या फोटोतल्या अंड्यात कवचाच्या आतून लाल कडी फिरलेली दिसते आणि कडीच्या आत एकही शीर नाही. ते गेलंय, आणि कालच्या रात्रीमुळे नाही. गर्भाचं हृदय दुसरा दिवस संपता संपता धडधडू लागतं आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस फार नाजूक असतात. बरेच गर्भ तेव्हाच जातात, बाकीचे बहुतेक शेवटच्या तीन दिवसांत. गर्भ मेला की रक्त शिरांतून ओसरून कडेला साचतं, तीच ही कडी. पण सावध राहा: चौथ्या-पाचव्या दिवशी जिवंत अंड्यातही कडेने एक शीर गोल फिरलेली असते. आत शिरांचं जाळं शाबूत असेल, तर ते अंडं धडधाकट आहे.

तपकिरी कवचांच्या अंड्यांवर तू उगाच चिडलीयस. दाट रंगाच्या कवचातून दहाव्या दिवसाआधी दिसतं त्यावर मी स्वतः विश्वास ठेवत नाही. चौदाव्या दिवशी तर जिवंत अंडं बरंचसं काळंच दिसायला हवं, अंधार म्हणजे मरण नव्हे. पोकळीची कड मात्र स्पष्ट असते, आणि तिच्याजवळ कधी कधी हालचाल दिसते. दिसली नाही तर पिल्लू झोपलेलं असेल, अंडं परत ठेव.

पाण्यात सोडून बघायचा सल्ला तुला कुणी दिलाय, तो सोडून दे. तरंगलं की खराब, हा नियम स्वयंपाकघरातल्या अंड्याचा. उबवणीत पाणी उडून पोकळी वाढतच जाते, त्यामुळे उत्तम अंडंही तरंगतं. वर कवचाला हजारो छिद्रं असतात, ओलाव्याबरोबर जंतू आत जातात. आणि कवचाला तडा असेल तर पिल्लू बुडतं. वजन करायचं तर खुशाल कर, अठराव्या दिवसापर्यंत ६० ग्रॅमचं अंडं साधारण ५३ वर यावं. पण त्यावरून यंत्रातली आर्द्रता कळते, जीव नाही. मेलेल्या अंड्याचंही वजन घटतंच.

नाकाचा उपयोग मात्र कर. ज्याला कुजका वास येतो किंवा ज्याच्यावर तपकिरी थेंब पाझरतात, ते अंडं त्याच क्षणी, अगदी हलक्या हाताने बाहेर काढ. आत वायू कोंडलेला असतो, फुटलं तर घाण बाकी सगळ्या अंड्यांवर उडेल.

अठराव्या दिवशी शेवटचं बघून घे. मग फिरवणं बंद, आर्द्रता ६५-७० टक्के आणि झाकण बंद. आतून चिवचिव ऐकू आली तरी उघडायचं नाही. कोरडी हवा आत गेली की कवचाखालचा पापुद्रा आकसतो आणि पिल्लू त्यात अडकतं. कवचाला पहिला टोचा पडल्यावर बाहेर यायला पूर्ण दिवस लागू शकतो, तेवढा वेळ हात मागे बांधून बस. वीज गेली होती, तेव्हा एकविसाव्या दिवशी सामसूम असली तरी तेविसावा उलटेपर्यंत एकही अंडं टाकायचं नाही.

आईने आशीर्वाद सांगितलेत. चौदाव्या दिवसाचे फोटो पाठव, या वेळी रुंद टोकाकडून.

तुझा,
बाबा

ता. क. : काढलेली अंडी खाण्यात वापरू नकोस, नुसता बलक दिसला तरी. इतके दिवस उबेत राहिलेलं अंडं आहे ते. आणि अंडी हाताळून झाली की साबणाने हात धू.